तुमचा फेज कोणता?

राजूरला बदलून आले त्या दिवशी टेम्पोतलं सामान अजून अर्धंच उतरलं होतं. शेगडी रस्त्यावर, गाद्या ओट्यावर, आणि मी घामानं निथळत टेम्पोवाल्याशी भांडत होते, कारण त्यानं माझ्या कपाटाचा आरसा फोडला होता आणि वर मलाच विचारत होता, "आधीच फुटला नव्हता कशावरून?" तेवढ्यात शेजारच्या फाटकातून एक उंच, सावळे, बनियनवरचे गृहस्थ बाहेर आले. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी "जयभीम, मॅडम!" केलं आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला, "तुमचा फेज कोनता?"

नव्या गावात गेलं की लोक काय विचारतात ते मला पाठ आहे. आधी नाव, मग आडनाव. आडनावावरून उमगलं नाही तर मूळ गाव कोणतं, मामाचं आडनाव काय, घरी देव कोणता, असं खोदत खोदत जायचं, ते जात हाताला लागेपर्यंत. चार गावांत नोकरी झाली माझी, चारही ठिकाणी हीच परीक्षा दिली. पण फेज? हा प्रश्न अभ्यासक्रमातच नव्हता.

"काय?" मी म्हटलं.

"फेज, फेज! लाल, पिवळा का निळा?"

"मला काय माहीत? मी पुसदची आहे."

"मंग पाहूनच सांगतो," असं म्हणून ते माझ्याआधी माझ्या घरात शिरले. मीटरचं झाकण उघडलं, कानामागून टेस्टर काढला, दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिलं आणि तोंड भरून हसले.

"लाल! आपल्यातल्याच निघाल्या तुम्ही!"

हे ताकसांडे काका. माझं नाव त्यांनी त्यानंतर आठ दिवसांनी विचारलं, तेही नात्यातल्या एका लग्नाच्या पत्रिकेवर लिहायचं होतं म्हणून.

उभी हयात त्यांची राजूरच्या कोळसा खाणीत गेली, इलेक्ट्रिशियन म्हणून. निवृत्त झाल्यावर वस्तीतच दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे पत्र्याचं एक शेड असं घर बांधलं. शेडात टेबल, टेबलावर तारा डागायचं सोल्डरिंग आयर्न, आणि बाकी सगळीकडे तारा. खाणीनं त्यांना पेन्शन दिली आणि कान काढून घेतले. कोळशाचे डबे ओढणाऱ्या इंजिनाशेजारी इतकी वर्षं काढल्यावर उजवा कान पूर्ण गेला आणि डावा नावापुरता उरला. पण बहिऱ्या माणसाला आपण बहिरे आहोत हे कळतं. आपण किती मोठ्यानं बोलतो हे कळत नाही. एकदा आठवडी बाजारात मला बाजूला घेऊन, तोंडावर हात धरून, त्यांनी गुपित सांगितलं, "मॅडम, कोनाले सांगू नका, तुमचे हेडमास्तर डोक्यावर केसाचा टोप लावते!" दोन दुकानं सोडून हेडमास्तर वांगी निवडत होते. वांगं हातातच राहिलं त्यांच्या. पुढचे सहा महिने त्या माणसानं माझी एक रजा सरळपणे मंजूर केली असेल तर शपथ.

नागपूरला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं त्यांना कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते दोन दिवस लावलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "बंदंच आयकू येते बाप्पा! फ्रिज बोंबलते, पंखा बोंबलते, समोरची रावतबाई बोंबलते. एवढ्या गलक्यात तुम्ही लोक जगता कसे?" चौथ्या दिवशी आत काय आहे ते पाहायला त्यांनी मशीन उघडलं. उघडलं ते उघडलंच. मी पाहिलं तेव्हा त्याचे भाग बाटलीच्या झाकणात ठेवलेले होते, त्यातला एक मुंगी ओढून नेत होती, आणि काका तिला भिंगातून पाहत होते.

फेजचं त्यांचं शास्त्र मात्र पक्कं होतं. आमच्या वस्तीच्या खांबावरून तीन फेजच्या तारा जातात. काकांच्या मते एका फेजवरची घरं म्हणजे एका ताटात जेवणारी माणसं. "रावतबाईनं मिक्सर लावला का तुमचा पंखा मंदावते का नाई? मंग! हे नातं नाई त काय हाय?" निळ्या फेजवरच्यांशी त्यांचं वाकडं नव्हतं, पण जरा परकेपणाच होता. त्यांच्याकडे चहा प्यायचे, पण दुसरा कप नाही.

या माणसाची बायको म्हणजे लीलाकाकू. ठेंगणी, ठसठशीत, कपाळावर घामाचे थेंब आणि तोंडात खरपूस शब्द. आणि गळा! विहारात गायला उभी राहिली की बाहेर चपला काढणारी माणसंही थांबायची. जयंतीच्या कार्यक्रमाची पहिली भीमगीतं तिचीच, हे वस्तीत ठरलेलंच. बाकीच्या बाया मागून धरायच्या. सूर लावायचा तो काकूंनी.

पण वर्षातून एक दिवस गायचं आणि उरलेले दिवस नवऱ्याला हाका मारायच्या. "अहो, जेवता का!" "अहो, नळ आला!" "अहो, तुमाले म्हनून राह्यली मी, तुमाले!" सकाळी सहापासून हे सुरू. काका शेडात, काकू स्वयंपाकघरात, मधे अंगण. पुसदला माझ्या आईला फोनवरून ते ऐकू जायचं. ती विचारायची, "कोणाचं भांडण चाललंय गं?" मी सांगायचे, "भांडण नाही, चहा झालाय."

पुढच्या वर्षी जानेवारी लागताच काकूंचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणाल्या, मग काढे झाले, हळद झाली. शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठ आलीय, ओरडून ओरडून. तीन महिने अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. गाठ बसली तर बसली, नाहीतर कापावी लागेल, आणि कापल्यावर गाण्याचा आवाज राहील याची हमी नाही.

संध्याकाळी काका माझ्या ओट्यावर येऊन बसले. कानामागचा टेस्टर काढून त्याचं टोपण उघडत-लावत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, कान माह्ये गेले. त्याची शिक्षा तिच्या गळ्याले काहून?" डोळे भरले होते त्यांचे. मी हातावर हात ठेवला. मला नवऱ्याबायकोच्या प्रेमाचे देखावे आवडत नाहीत, पुसदला असतो तो माझा नवराही हे सांगेल. पण त्या दिवशी मला रडू आलं ते आलंच.

काकूंना मी शाळेतली पाटी आणून दिली. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यावर लिहिलं, "दगडाशी लग्न केलं असतं तर निदान वाटण तरी वाटून झालं असतं." म्हणजे आवाज गेला तरी बाई शाबूत होती.

पण पाटीचा एक मोठा दोष होता. ती माणसाच्या डोळ्यांपुढे न्यावी लागते. काका कधी शेडात, कधी गच्चीवर, कधी संडासात. काकू पाटी घेऊन त्यांच्या मागे घरभर फिरायच्या. मुलगा फोनवरून म्हणाला, मोबाइलवर मेसेज करत जा. पण काकांचा मोबाइल खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात असायचा, आणि काका बनियनमध्ये. चौथ्या दिवशी काकूंनी वैतागून पाटी फेकून मारली. नेम चुकला. पण जाऊन पडली ती स्विचबोर्डावर, आणि दिवा लागला. काका तिकडे पाहत राहिले.

तिथून त्यांच्या डोक्यात ते शिरलं.

"वायर त हायेच नं घरात!" ते मला सांगायला आले. "सैपाकघरात हाय, शेडात हाय, संडासात बी हाय. मंग नवीन कायले टाकाची? लाइट ज्या तारेतून जाते त्याच तारेतून निरोप धाडाचा."

मी म्हटलं, वीज आणि निरोप एकाच तारेतून? गोंधळ नाही होत?

"खाणीत डब्यातून कोळसा वर जाते नं? त्या कोळशावर एक चिठ्ठी ठेवली त चिठ्ठी बी जाते. कोळशाले काय समजते?"

इतकं सोपं करून मला शाळेतही कोणी शिकवलं नव्हतं, आणि मी स्वतः विज्ञान शिकवते.

आठवडाभर शेडातून जळक्या वासाचा धूर येत होता. नंतर साबणाच्या डब्यांएवढ्या पेट्या तयार झाल्या. एक पेटी स्वयंपाकघरात, तिच्यावर हिरवं बटण. बाकीच्या शेडात, गच्चीवर आणि संडासात, प्रत्येकीवर लाल बल्ब. सगळ्या साध्या प्लगात खोचलेल्या. कुठेही नवी तार नाही. काकूंनी बटण दाबलं की तारेतून निरोप जायचा आणि सगळे बल्ब लुकलुकायचे. खुणा त्यांनी खाणीत डबे हलवताना वाजवायच्या घंटीच्या टोल्यांसारख्या ठरवल्या. एक लुकलुक म्हणजे या. दोन म्हणजे जेवण. तीन म्हणजे पाहुणे आले. थांबलीच नाही, तर हातातलं टाकून धावत या.

काकूंनी पाटीवर लिहिलं, "आणि भांडायचं असेल तर?"

काका म्हणाले, "ते मले बिनासिग्नलचं बी समजते."

खरं सांगायचं तर ते चाललं. दोन दिवसांत काकूंचा हात इतका बसला की काका नुसत्या लुकलुकण्यावरून त्यांचा स्वभाव वाचायला लागले. "आज भाजी चांगली झाली हाय, पाहा, सावकाश दाबून राह्यली." किंवा, "रागात हाय. दोन टोल्यांत जागाच नाई सोडली." लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, आणि काका बायकोचं म्हणणं इतकं लक्ष देऊन पहिल्यांदाच घेत होते.

आता मी माझ्या मूर्खपणाकडे येते. काकांनी मला तशीच एक पेटी दिली, पाण्याच्या मोटारीसाठी. खालच्या खोलीतून बटण दाबलं की मागच्या अंगणातली मोटार सुरू, पुन्हा दाबलं की बंद. फुकट दिली तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं. पेट्यांना एकेक नंबर लावावा लागतो, म्हणजे कोणता निरोप कोणाचा ते त्यांना कळतं. काकांनी माझ्या पेटीला त्यांच्याच घरचा नंबर लावला. का, तर "शेजारी म्हंजे घरचेच."

परिणाम असा, की काकूंनी बटण दाबलं की माझी मोटार हलायची. जेवणाच्या दोन टोल्यांचं काही नाही. एकात सुरू, दुसऱ्यात बंद. पण नुसत्या हाकेचा एक, नाहीतर पाहुण्यांचे तीन पडले, की संपलं! मग मोटार सुरू ती सुरूच, मी शाळेत, आणि टाकी भरून पाणी जिन्यावरून रस्त्यावर. एकदा मी पाचवीला चुंबक शिकवत होते, तर रावतबाईंनी निरोप पाठवला: "मॅडमला सांगा, ताकसांडेकडे पाहुणे आले." सगळा वर्ग हसला. घरी गेले तर पाहुणे माझ्याच ओल्या पायरीवर घसरून पडलेले, आणि काकू त्यांच्या गुडघ्याला हळद लावत होत्या.

मी खूप बोलले काकांना. अगदी ठेवणीतलं बोलले. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही रागावल्या का ओठ फार सुंदर हालवता मॅडम, एक अन् एक शब्द समजते."

मोटारीची पेटी त्यांनी काढून नेली आणि त्या जागी माझ्या ओट्यावर एक लाल बल्ब लावला. म्हणाले, "राहू द्या. मी नसलो घरी, अन् तिले काही झालं, त तुमाले त दिसन."

मग चटणीचा घोळ झाला. रावतबाईंचा मिक्सर जुना, चालू झाला की ठिणग्या टाकायचा. तोही लाल फेजवरच. तिनं मिक्सर फिरवला की तारेत काय कालवाकालव व्हायची कोण जाणे, पण काकांच्या शेडातला बल्ब लुकलुकायचा. सकाळी दहा वाजता काका हातपाय धुऊन स्वयंपाकघरात पाटावर बसायचे. काकू पाटी पुढे करायच्या, "काय?" काका म्हणायचे, "तूच त बलावलं!" हे तीनदा झालं. चौथ्यांदा काकूंनी मुकाट्यानं कालची शिळी भाकर वाढली. काका रावतबाईकडे गेले आणि गल्लीच्या मधोमध उभे राहून विचारलं, "बाई, तुमची चटणी कवा कवा असते?" त्या माऊलीनं सांगितलं, आणि यांनी ते कॅलेंडरवर लिहून घेतलं. सोमवारी शेंगदाण्याची, बुधवारी जवसाची, शनिवारी लसणाची. त्या वेळेला बल्ब लुकलुकला तर लक्ष द्यायचं नाही. बुधवारी एकदा खरंच जेवणाचा निरोप होता. काका उपाशी राहिले, आणि जवसाच्या चटणीवरून त्यांचं मन उडालं.

मार्च संपला, उन्हाळा आला. राजूरचा उन्हाळा मी शत्रूलाही देणार नाही. सगळ्या वस्तीत एकदम कूलर सुरू होतात, व्होल्टेज पडतं, पंखे दमल्यासारखे फिरतात. त्यावर इकडे एक तोड आहे. घराघरात मीटरशेजारी एक गोल खटका असतो, त्याला चेंजओव्हर म्हणतात. लाल फेज झोपला की खटका फिरवून पिवळ्यावर जायचं. तिकडे बरं व्होल्टेज आहे हे कळलं की रावतबाई पिवळ्यावर, तिच्यामागून सगळी गल्ली पिवळ्यावर, मग पिवळा झोपतो. मग सगळे निळ्यावर. दुपारभर ही पळापळ. मीही पुसदहून आलेली शहाणी, पण दुसऱ्या उन्हाळ्यात पिवळ्यावर जाऊन बसले. काकांना ते आवडलं नाही. "फेज बदलला तुम्ही," असं म्हणाले, एखाद्यानं पक्ष बदलावा तसं.

ते स्वतः मात्र लालवरच. कारण निरोप एका फेजवरच चालतो. पेटी एकावर आणि बल्ब दुसऱ्यावर असला तर संपलं. हे त्यांनी सगळ्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की माझ्या वर्गातल्या पोरांनाही पाठ झालं होतं.

जयंतीला आठ-दहा दिवस होते. काकूंचा आवाज बंद ठेवून तीन महिने भरत आले होते. डॉक्टरांकडे जायची तारीख पुढच्याच आठवड्यात होती, आणि गल्लीत सगळे एकच विचारत होते, लीलाबाई गाईल का? काकू नुसती पाटी पुसून ठेवायच्या.

रविवारची दुपार होती. मी ओट्यावर ज्वारी निवडत होते. माझा तो लाल बल्ब, मी पिवळ्यावर गेल्यापासून मेलेला होता. तो तिथे आहे हेही मी विसरले होते. तो अचानक लुकलुकायला लागला. एक, दोन, तीन, चार. थांबेचना.

सूप टाकून मी धावले. स्वयंपाकघरात पाहते तो ओट्यावर हे भलंमोठं काळतोंडं वानर, मांडी घालून, काकूंची भाकर एका हातात आणि गुळाचा डबा दुसऱ्या हातात. काकू भिंतीला पाठ लावून उभ्या. एक हात बटणावर, दुसरा स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबलेला. वानर दात दाखवायचं, त्यांचे डोळे मोठे व्हायचे, आणि हात तोंडावर आणखी घट्ट बसायचा. त्या घाबरून बटण दाबत होत्या, आणि ओरडत नव्हत्या.

मी ओरडले. चाळीस पोरांच्या वर्गात कमावलेला आवाज आहे माझा. वानर भाकर टाकून, गूळ घेऊन खिडकीतून गेलं. काकू खाली बसल्या आणि त्यांनी माझ्या कमरेला मिठी मारली. मी त्यांना जवळ घेतलं आणि विचारलं, ओरडलात का? त्यांनी मान हलवली. नाही. मग थोड्या वेळानं पाटी ओढली आणि लिहिलं, "एकदाच. अहो म्हटलं." त्या अक्षरांकडे बघून त्यांचं तोंड वाकडं झालं आणि मग त्या रडल्या, तेही आवाज न करता.

आणि काका? काका शेडात, दहा पावलांवर, पाठमोरे बसून सोल्डर करत होते. समोर लाल बल्ब, ठार शांत.

मी त्यांना खांद्याला धरून आणलं. त्यांनी सगळं पाहिलं, पाटी वाचली, आणि धावत मीटरकडे गेले. तिथे तसेच उभे राहिले. सकाळी फ्रिज घरघरत होता, व्होल्टेज कमी, म्हणून त्यांनीच घराचा खटका पिवळ्यावर टाकला होता. शेडाची तार खटक्यावर नव्हती, सरळ लालवर होती, म्हणून शेड लालवरच राहिलं. साऱ्या वस्तीला फेज शिकवणाऱ्या माणसानं सवयीनं हात उचलला होता आणि खटका फिरवला होता, आपण सगळेच फिरवतो तसा. निरोप घरच्या शेडात गेला नाही. माझ्या ओट्यावर आला.

"मीच केलं मॅडम," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या चेंजओव्हरला कुलूप होतं. लोखंडी पट्टी मारून, सायकलचं कुलूप घालून सगळं घर लालवर बंद केलेलं, आणि किल्ली त्यांनी माझ्याकडे आणून दिली. "जयंतीपर्यंत मले देऊ नका. मी मांगलं तरी देऊ नका. पाया पडलो तरी नाई." लाल फेजला त्या आठवड्यात दम नव्हता. कूलर नुसता घरघरायचा. काका दारात ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायचे. बुधवारी दुपारी आले आणि म्हणाले, "एक घंट्यासाठी द्या." मी नाही म्हटलं. "लीलाले उकडते." मी खिडकीतून पाहिलं, काकू त्यांच्या फाटकात उभ्या राहून जोरजोरात मान हलवत होत्या, की नका देऊ. काका पंचा पिळत परत गेले.

डॉक्टरांकडे मी बरोबर गेले, कारण काकांना ऐकू येणार नव्हतं आणि काकूंना बोलायचं नव्हतं. त्या एका हाकेबद्दल मी डॉक्टरांना सांगितलं. काका माझे ओठ बघत होते. डॉक्टरांनी नळी घातली, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, गाठ बरीचशी बसलीय. एका हाकेनं काही होत नाही. इतक्या वर्षांच्या हाकांनी होतं. एक गाणं म्हणा. एकच. दुखलं की थांबा. आवाज मात्र पूर्वीचा येईल असं मी सांगत नाही.

मी हे काकांना सावकाश, ओठ हलवून सांगितलं. शेवटचं वाक्यही सांगितलं.

चौदा एप्रिलला विहारापुढच्या पटांगणात मंडप पडला. ऊन उतरलं तशी सगळी वस्ती जमली. लालवाले, पिवळेवाले, निळेवाले, सगळे एका मंडपात. पांढऱ्या लुगड्यातल्या काकू माइकपुढे उभ्या राहिल्या. मंडपाची लाइट आणि साउंड दरवर्षी काकांकडे असते, म्हणून ते समोर नव्हतेच. काकूंनी सूर लावला आणि लगेच माझ्या मनात आलं, काकांना हे ऐकूच येणार नाही. मी उठून स्टेजमागे गेले.

काका अॅम्प्लिफायरच्या मागे जमिनीवर उकिडवे बसले होते. हातात टोंग टेस्टर होता. चिमट्यासारखं यंत्र असतं ते. तारेभोवती लावलं की तारेतून किती करंट जातोय ते काटा दाखवतो. त्यांनी तो अॅम्प्लिफायरला वीज देणाऱ्या तारेभोवती लावला होता आणि चष्मा कपाळावर सरकवून, नाक काट्याला लागेल इतके वाकून पाहत होते.

मला बघून त्यांनी बाजूला जागा केली. "बसा. पाहा. आवाज चढला का मशीन जास्त करंट ओढते." काटा थरथरत होता. काकूंचा सूर वर गेला, काटा वर गेला. सूर लांबला, तसा काटा तिथेच अडखळत राहिला, मग पडला. "आता श्वास घेतला तिनं," काका म्हणाले. घेतलाच होता.

मागच्या बायांनी ध्रुवपद उचललं, काटा सरसरून चढला. काकांनी हात झटकला. "हे बायांचं. हे तिचं नाई." काटा खाली येऊन पुन्हा एकटाच चढायला लागला. "हां. हे तिचं."

"कसं ओळखता?"

"पंचवीस-तीस वर्षं आयकली नं मी, कान होते तवर."

मग त्यांनी काट्यावरची नजर न हलवता विचारलं, "मॅडम, पहिल्यासारखा हाय नं?" आणि मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

खोटं बोलता आलं असतं. पण माझे ओठ त्यांना चांगले वाचता यायचे. म्हटलं, "नाही काका. जाड झालाय. एक वरची जागा त्यांनी सोडून दिली. पण सगळा मंडप गप्प बसून ऐकतोय."

"जाड," असं स्वतःशीच म्हणाले, आणि चव घेऊन पाहिल्यासारखे ओठ हलवले. मग पुन्हा काट्याकडे वळले. "असू दे. मले त जुनाच याद हाय. मी तोच लावून घेतो याच्यावर."

गाणं संपलं. काटा पडला. मंडपात टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. काका उठले नाहीत. "संपलं?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. तेवढ्यात काटा थोडासाच, एकदा, हलला.

"हे काय होतं?"

माइकवर काकूंचा आवाज आला होता. ओरडून नाही, अगदी साधा, घरातल्यासारखा. तीन महिन्यांनी.

"काकूंनी तुम्हाला बोलावलं. 'अहो, समोर या' म्हणाल्या."

"तोंडानं?"

"तोंडानं."

काका उठले. गुडघ्यावरची माती झटकली, बनियनवर शर्ट चढवला, दोन्ही हातांनी केस बसवले, आणि टेस्टर तारेवर तसाच सोडून स्टेजच्या बाजूनं उजेडात गेले. त्यांना समोर आलेलं पाहून लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. मी मागे एकटी राहिले. काटा पुन्हा हलला. काकू माइकवर त्यांना काहीतरी म्हणाल्या होत्या, चार-पाच शब्द असतील. एवढ्या टाळ्यांत मला ते ऐकू आलं नाही.